ब्रिक्स्टनच्या भिंतीवरची भिशी : प्रकल्प नोंदी

११ मे २०२३
भित्तिचित्रासाठी भिंत बघून आले. दक्षिण लंडन, ब्रिक्स्टनच्या बाजारापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या एका समाजमंदिराची पश्चिमेकडची बाजू. रुंदी साधारण नऊ मीटर, कडेला उंची सात, छपराखालचा तिकोना धरून मध्यभागी अकरा. विटांवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर कधीकाळी लावलेला क्रीम रंग. तोंड पश्चिमेला आहे हे बरं झालं. दक्षिणेला असतं तर दिवसभराच्या उन्हात लाल रंगांची वाट लागली असती.

चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. वरच्या भागात रंग घट्ट आहे. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत पट्टीबरोबर पोपडेच निघाले. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही, कोपऱ्यातला पावसाचा पाइप फुटलाय आणि पाणी सरळ गिलाव्यात मुरतंय. म्हणजे आधी पाइप, मग भिंत वाळू द्यायची, मग रंग. हा क्रम उलटवायची घाई सगळ्यांना असते, कारण पाइप दुरुस्तीच्या उद्घाटनाला कुणी येत नाही.

मनात सिलिकेट रंग होता. तो खनिज गिलाव्याशी रासायनिकरीत्या बांधला जातो, भिंतीतली वाफ कोंडत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण जुन्या प्लास्टिक रंगावर तो धरत नाही, आणि अख्खी भिंत खरवडून काढण्याइतके पैसे नाहीत. बाहेरच्या कामाचं ॲक्रिलिक वापरायचं ठरलं.

विषय अनुदानाच्या कागदावर एका ओळीत आहे : कॅरिबियन स्त्रिया आणि त्यांचा वारसा.

१९ मे
पहिली बैठक. मुख्य चित्रकार जमैकन आईबापांची, जन्म इथलाच. मी तिला ताई म्हणते, आणि आता तीही फोनवर स्वतःला ‘ताई बोलतेय’ असं सांगते. नोंदीतही तेच नाव राहील.

अनुदान देणाऱ्यांकडून नमुना-आराखडा आला होता : आठ गोल, आठ चेहरे, खाली नावं. आपल्याकडे शाळेच्या व्हरांड्यात राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या असतात ना, तसंच. आदर पुरेपूर, बघत कुणीच नाही.

दुपारच्या चहाला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपुढे कागद पसरला. बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या. पहिला वाद मेरी सीकोलवरून झाला. किंग्स्टनला १८०५ मध्ये जन्मलेली आणि क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावाजवळ स्वतःच्या हिमतीवर सैनिकांसाठी खानावळ आणि औषधोपचाराची सोय चालवणारी. एक आजी म्हणाल्या, “तिचा सेंट थॉमस हॉस्पिटलपाशी पुतळा आहे की, २०१६ पासून. ब्राँझचा. आमचा कुठंय?” दुसऱ्या म्हणाल्या की पुतळा थेम्सकाठी आहे, ब्रिक्स्टनची पोरं तिकडे कशाला जातील. अर्धा तास त्यातच गेला. शेवटी आमची खजिनदार बाई (जमैकाच्या सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या) वही मिटत म्हणाल्या, “चेहरे सगळ्यांना माहीत आहेत. पैसे कुठून आले ते कुणी विचारत नाही.”

आणि मग पार्डनर निघालं.

२० मे
कालचं सविस्तर लिहून ठेवते, कारण सगळं चित्र आता यावर उभं राहणार आहे.

पार्डनर म्हणजे आपली भिशीच. दर आठवड्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची, आणि सगळी जमा आळीपाळीने एकेकीने उचलायची. टाकायच्या रकमेला ‘हँड’ म्हणतात, उचलायच्या रकमेला ‘ड्रॉ’. हिशेब ठेवणारी ती ‘बँकर’, आणि ती बहुतेक वेळा बाईच. कागद नाही, करार नाही, शब्दावर सगळं. त्रिनिदादला हेच सूसू, गयानात बॉक्स हँड, बार्बाडोसला मीटिंग टर्न. मूळ पश्चिम आफ्रिकेत.

पन्नास-साठच्या दशकात कॅरिबियनांना इथे खोली भाड्याने मिळायची मारामार होती आणि बँका घरासाठी कर्ज देत नव्हत्या. ब्रिक्स्टनमधल्या कितीतरी घरांची पहिली रक्कम अशी उभी राहिली. खजिनदार बाईंनी पर्समधून लाल कडेची एक जुनी वही काढली. आत पेनाने आखलेले रकाने, डाव्या बाजूला नावांची आद्याक्षरं, पुढे दर शनिवारी एक बरोबरची खूण. एका ओळीत मध्येच दोन खुणा एकदम आहेत. विचारलं तर म्हणाल्या, “तिचं बाळंतपण होतं. आधीचा शनिवार मी भरला होता, तिने नंतर दिला.”

माझी आई कोल्हापुरात अशीच वही ठेवायची. तिला ही गोष्ट फोनवर सांगितली तर तिने एकच प्रश्न विचारला : “बुडवणारी कुणी नव्हती का?” होती, एक. तिच्याबद्दल अजूनही वाईट बोलतात.

ताईने रात्री चिठ्ठी पाठवली : मध्यभागी टेबल, टेबलावर वही, भोवती हात. चेहरे त्या टेबलाभोवती बसवायचे, ओळीने नाही.

२६ मे
आराखडा मंजूर झाला. अनुदानवाल्यांनी ‘ओळखू येतील असे चेहरे हवेतच’ हा हट्ट सोडला नाही, आणि खरं तर तो अगदीच चुकीचाही नव्हता. दोन चेहरे ठळक ठेवले.

पहिली क्लॉडिया जोन्स. जन्म १९१५, पोर्ट ऑफ स्पेन. लहानपणीच न्यूयॉर्कला गेली, कम्युनिस्ट पक्षात काम केलं, तुरुंगात गेली, आणि १९५५ मध्ये अमेरिकेने तिला हाकलून दिल्यावर लंडनला आली. मार्च १९५८ मध्ये इथेच, २५० ब्रिक्स्टन रोडवर, रेकॉर्डच्या दुकानाच्या माडीवर तिने ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढलं. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी नॉटिंग हिलला गोऱ्या टोळक्यांनी कॅरिबियन वस्तीवर हल्ले केले. तिचं उत्तर होतं कार्निव्हल : ३० जानेवारी १९५९, सेंट पँक्रस टाउन हॉल. ऐन हिवाळ्यात म्हणून छपराखाली. बीबीसीने ते टीव्हीवर दाखवलं. लोक इथपर्यंतची गोष्ट सांगतात. आम्हाला हवी आहे ती त्याच्या पुढची : स्मरणिकेत छापलं होतं की तिच्या विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात अडकलेल्या तरुणांचे दंड भरायला जाईल. पुन्हा वर्गणी, पुन्हा वही. म्हणून क्लॉडिया टेबलाशीच बसेल, हातात पेन घेऊन.

दुसरी ऑलिव्ह मॉरिस. तिची जागा वर, तिकोन्यात. कारण पुढे लिहीन.

५ जून
पाइप बदलून झाला, भिंत कोरडी आहे. खालचा भाग खरवडला, गिलाव्याचे तुकडे भरले, भुकटी धरून ठेवणारं अस्तर मारलं. परांची उभी राहिली. भाडं आठवड्याच्या हिशेबाने आहे, तेव्हा आजपासून घड्याळ सुरू.

रेखाटन भिंतीवर चढवायला प्रोजेक्टर नको असं ठरलं. जूनमध्ये इथे अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात आणि समोर लहान मुलांची घरं आहेत. त्याऐवजी भिंतभर वाट्टेल तशी चिन्हं काढली : फुल्या, वेटोळी, अक्षरं, मासे. त्याचा समोरून फोटो, फोटोवर आराखडा चढवायचा, आणि मग प्रत्यक्ष भिंतीवर ‘माशाच्या शेपटीपासून कोपर सुरू होतंय’ असं बघत रेघा ओढायच्या. चौकटी आखण्यापेक्षा कितीतरी जलद. शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र दोन दिवस हेच चित्र समजून तक्रार करायचं मनावर घेतलं होतं.

१० जून
उन्हाचा कडाका. पारा बत्तिसापर्यंत गेला. भिंत हाताला चटका देतेय आणि ब्रशवरचा रंग भिंतीला लागायच्या आत सुकतोय. दुपारी काम बंद, पहाटे सहा ते अकरा आणि मग संध्याकाळी. पश्चिमेच्या भिंतीचा हा एक तोटा : संध्याकाळचं ऊन थेट पाठीवर.

सावलीत बसून त्वचेचे रंग तयार केले. ताईचा नियम : काळ्या रंगाचा डबा परांचीवर आणायचा नाही. गडद छटेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गर्द निळा). मधल्या छटेला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि चिमूटभर जांभळा. उजेडाच्या बाजूला पांढरा मिसळून फिकं करायचं नाही. उन्हाकडे गेरू-नारिंगी, आणि आकाशाकडच्या बाजूला, कपाळाच्या कडेला किंवा गालाच्या हाडावर, चक्क निळसर. काळा वापरला की जवळून बरं दिसतं आणि रस्त्यापलीकडून चेहऱ्याच्या जागी भोक दिसतं. कोल्हापूरला मी बॅनरच्या दुकानात शिकले, तिथे नटी कुठलीही असो, गाल गुलाबी. त्या शिक्षणाचा इथे काडीचा उपयोग नाही.

अडचण अशी की क्लॉडियाचे जुने फोटो कृष्णधवल आहेत. कुठल्याही एका फोटोवरून नक्कल करायची नाही हेही ठरलेलं, फोटोचे हक्क दुसऱ्याचे असतात. अनेक फोटो बघून ताईने स्वतःचं रेखाटन केलंय. रंगासाठी चहाला येणाऱ्या दोन त्रिनिदादी बायकांना भिंतीपाशी उभं केलं. दोघींनी एकमेकींच्या मनगटाला मनगट लावून बराच वेळ वाटाघाटी केल्या.

१४ जून
डोक्याला बांधायच्या कापडावरून आज खरी जुंपली.

मी मद्रास चौकडा काढत होते. लाल, पिवळा, थोडा हिरवा. दक्षिण भारतातल्या मागांवर विणलेलं हे सुती कापड व्यापारी जहाजांतून कॅरिबियनला गेलं आणि तिथलंच झालं. सेंट लुशिया, डॉमिनिका, मार्टिनीक, ग्वाडलूपमध्ये ते सणाच्या पोशाखात आहे. जमैकात त्याचा लाल-पांढरा अवतार, बँडाना. कवयित्री लुईज बेनेट, सगळ्यांच्या लाडक्या मिस लू, रंगमंचावर तोच घालून उभ्या राहायच्या.

सेंट लुशियाच्या आजी परांचीखाली येऊन ओरडल्या, “शिखरं किती काढलीस?” मी शोभेसाठी तीन टोकं उभी केली होती. तीन म्हणजे बाई लग्नाची. एक टोक म्हणजे मन मोकळं आहे, दोन म्हणजे कुणीतरी आहे, आणि चार म्हणजे, आजींच्या शब्दांत, “नशीब अजमावून बघ, जागा होऊ शकते.” जमैकावाल्या म्हणाल्या आमच्यात असलं काही नाही, आम्ही मागे गाठ मारतो आणि कामाला लागतो. आजींनी मला खाली बोलावलं, स्वतःच्या पिशवीतलं कापड माझ्या डोक्याला बांधून दाखवलं : त्रिकोणी घडी, कपाळावरून मागे, पुन्हा पुढे, आणि टोक आतून वर खेचायचं, गाठ दिसता कामा नये. बघता बघता झालं. एकच टोक ठेवलं त्यांनी, माझ्या लग्नाला बारा वर्षं झालीत हे सांगूनही.

टेबलाभोवती आता चारही प्रकार आहेत. चार टोकांवाली कोण, यावर बायकांत रोज नवी नावं निघतात.

कापड रंगवायची युक्ती : चौकडा हा छापलेला नसतो, विणलेला असतो. उभा लाल आणि आडवा पिवळा जिथे एकमेकांवर येतात तिथे नारिंगी दिसायला हवा, पण तो डब्यातला नारिंगी नाही. आधी पिवळे पट्टे, वाळल्यावर पाण्यासारखा पातळ पारदर्शक लाल, आणि घडी वळते तिथे पट्टा वाकलाच पाहिजे. चिकटपट्टीने हे जमत नाही. हात टेकायची काठी आणि लांब केसांचा लायनर ब्रश. इथे मात्र बॅनरचं दुकान कामाला आलं. लाल रंग पायरोलचा घेतला आणि पिवळा बिस्मथचा. महाग आहेत, पण उन्हात तग धरतात.

२२ जून
विंडरश दिवस, यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. टिलबरीच्या गोदीत २२ जून १९४८ ला ‘एम्पायर विंडरश’ बोटीतून कॅरिबियनहून आलेली माणसं उतरली. ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांना क्लॅपहम साउथच्या भुयारी निवाऱ्यात ठेवलं, आणि जवळची रोजगार कचेरी कोल्डहार्बर लेनवर, म्हणून ब्रिक्स्टन. विंडरश चौकात आज भाषणं आणि ढोल. आम्ही अर्धा दिवस सुट्टी घेतली.

त्या बोटीच्या फोटोंत टोप्या आणि सूट घातलेले पुरुषच दिसतात. बायकाही होत्या. एव्हलिन वॉकोप नावाची एक शिंपीण तर तिकिटाविना चढली होती. सर्वांत स्वस्त तिकीट अठ्ठावीस पौंड दहा शिलिंग. वाटेत सापडल्यावर प्रवाशांनी पैसे गोळा करून तिचं भाडं भरलं. ती टेबलाच्या कडेला बसलीय, मांडीवर कात्री आणि टेप. चेहरा मुद्दाम वळवलेला ठेवलाय. कशी दिसायची याचा नीट आधार नसताना नाकडोळे बनवायला ताई तयार नव्हती.

२९ जून
गयानाच्या काकू इतके दिवस गप्प होत्या. आज वर बघत म्हणाल्या, “आणि आमच्या बायका?”

प्रश्न रास्त होता. ५ मे १८३८ ला ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजं कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन गयानाला पोहोचली, त्रिनिदादला १८४५ मध्ये ‘फतेल रझाक’. बहुतेक लोक बिहार आणि उत्तर प्रदेशकडचे, काही मद्रासकडचे. उसाच्या मळ्यांत बायकांनी मजुरीतली चांदीची नाणी वितळवून दागिने करून घेतले, बँक अंगावरच. काकूंनी मनगटातलं बेरा काढून दाखवलं : जाड चांदीचं, दोन्ही टोकांना गोंडे, मधली फट बोटभर. पणजीचं. आमच्याकडच्या जुन्या वाळ्यांच्या जवळचं, पण घडण वेगळी.

टेबलावर पैसे सरकवणाऱ्या हातांपैकी एका हातात आता तेच बेरा आहे. चांदी रंगवायला राखाडी घेतला नाही. आजूबाजूच्या बँडानाचा लाल आणि आकाशाचा निळा, मध्ये पांढऱ्याची एक रेघ. काकू म्हणाल्या, अजून जाड हवं. जाड केलं.

५ जुलै
इथल्या सरकारी आरोग्यसेवेचाही (एनएचएस) आज पंचाहत्तरावा वाढदिवस. निवृत्त नर्स असलेल्या बार्बाडोसच्या मावशी बिल्ला घेऊन आल्या. कॅरिबियनहून आलेल्या पुष्कळ मुलींना तीन वर्षांच्या ‘स्टेट रजिस्टर्ड’ शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या ‘स्टेट एनरोल्ड’कडे वळवलं गेलं. फरक त्यांना आधी सांगितला गेला नाही, आणि मायदेशी त्या दुसऱ्या कागदाला किंमत नव्हती. मावशींनी पुन्हा शिकून पहिला बिल्ला मिळवला. त्यामुळे चित्रात बिल्ला कोणता, यावर तडजोड नाही. कुठल्या इस्पितळात हे झालं ते त्या रोज सांगतात, मी इथे लिहीत नाही.

१४ जुलै
पाऊस. जून इतका तापला आणि जुलैने पाणी सोडलंय. काल संध्याकाळचा निळा भिंतीवरून ओघळून क्लॉडियाच्या बाहीवर आला. ॲक्रिलिक वाळायला तास-दोन तास मिळाले तरी पुरतं, तेवढेही मिळत नाहीत. परांचीवर ताडपत्री बांधून आत काम. भाडं चालूच.

कोरड्या वेळात तिकोना पुरा केला. ऑलिव्ह मॉरिस : जन्म १९५२ जमैका, नऊ वर्षांची असताना लंडन, सत्ताविसाव्या वर्षी, जुलै १९७९ मध्ये, कर्करोगाने मृत्यू. एवढ्यात तिने काय काय केलं. ब्रिक्स्टनचा काळ्या स्त्रियांचा गट उभा केला. रेल्टन रोडवरचं १२१ नंबरचं रिकामं घर ताब्यात घेऊन राहिली; पोलीस हुसकवायला आले तेव्हा छपरावर चढली. भिंत चढतानाचा तिचा फोटो पुढे रिकाम्या घरांत राहणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आला. आमच्या भिंतीला खरंखुरं छप्पर आहे, मग ती तिथेच चढणार.

१९७८ मध्ये निघालेली ‘ओवाड’ ही आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांची संघटना, तिच्या संस्थापकांतही ऑलिव्ह होती. १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ झाल्याचं उघड झालं, तेव्हा ओवाडच्या बायकांनी विमानतळावरच ठिय्या दिला. हे मला परांचीवर ताईने सांगितलं. इतकी वर्षं त्याच विमानतळावरून ये-जा करतेय, आणि कानावर आलं नव्हतं.

१८ जुलै
किनार. बार्बाडोसचं राष्ट्रीय फूल म्हणजे आपला शंकासूर, कोकणात कुंपणाला दिसतो तोच. लाल-पिवळी फुलं आणि लांब पुंकेसर. नुसती फुलं काढली होती. सुरिनामचा इतिहास वाचणारी एक तरुण मुलगी म्हणाली, शेंगा काढा. जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियनने १७०५ मध्ये लिहून ठेवलंय की सुरिनाममधल्या गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडायला वापरत, मूल गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून.

चहाच्या टेबलावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग सगळ्या एकदम बोलल्या. पाटीवर लिहायचं की नाही? शाळेतली मुलं बघणार. ठराव : पाटीवर नाही, पण शेंगा तडकलेल्या आणि बिया दिसतील अशा काढायच्या. माझं मत लिहायच्या बाजूचं होतं. माझं चाललं नाही.

२ ऑगस्ट
परांची उतरली. संरक्षक थराबद्दल शेवटचा निर्णय : खालच्या अडीच मीटरला मेणाचा थर, कुणी काही खरडलं तर गरम पाण्याने थरासकट निघेल आणि पुन्हा मारता येईल. वर अतिनील किरणांना अडवणारं मॅट वार्निश. ते मारायला सलग कोरडे दिवस हवेत, तोवर शिडी आणि डबे समाजमंदिराच्या कोठीत. रंगांच्या मिश्रणांची यादी, डब्यांवरचे आकडे आणि प्रत्येक त्वचेच्या छटेचा पुठ्ठ्यावरचा नमुना फायलीत लावला.

देखभालीचे पैसे अनुदानात नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी मेण, पाइपाची साफसफाई, कधी डागडुजी. ताई अर्ज लिहायला बसली होती. खजिनदार बाईंनी तिच्या हातातला कागद बाजूला सारला आणि नवी वही उघडली. दर फेरीत एक हँड भिंतीच्या नावाचा. मलाही घेतलंय, आठवड्याला दहा पौंड. माझा ड्रॉ शेवटून दुसरा. पहिला सेंट लुशियाच्या आजींना, त्यांच्या न्हाणीघराचं छत गळतंय.